सातेरीच्या रायीतलं सरपण

सुमनचा फोन आला तेव्हा मी सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत होते. हात घाण, म्हणून फोन खांद्यानं कानाला दाबून धरला. पलीकडून आधी पाण्याचा आवाज आला. तिच्या गावात रेंज एकाच ठिकाणी मिळते, झऱ्याच्या बांधावर. त्यामुळे सुमनचा फोन म्हणजे मागे पाणी असतंच.

"बाय, सोमवारी कौल आसा. तू ये."

"कसलो कौल?"

"डोंगराचो," म्हणाली आणि रडायला लागली.

सुमन माझी धाकटी बहीण. दोडामार्गच्या पुढे डोंगरात दिलेली. लग्नाला वीस वर्षं होत आली, पण रडून फोन तिनं कधी केला नव्हता. सासू गेली तेव्हासुद्धा कोरड्या आवाजात सांगितलं होतं. सुंगटं तशीच टाकली.

हा ब्लॉग माझ्या लेकीनं आमच्या खोल्यांसाठी काढून दिलाय. मालवणजवळ, खाडीच्या तोंडावर आमचं घर, त्याला लागून चार खोल्या. येणारे लोक विचारतात, "ताई, गर्दी नसलेली एखादी जागा सांगा ना." तर ही घ्या. माझं शिक्षण चौथीपर्यंत. एका बोटानं टाइप करते, चुका काढत बसू नका. आणि गावाचं नाव मी सांगणार नाही. वाचाल तसं कारण कळेल.

सुमनच्या घरामागे डोंगर आहे. त्यात लोखंडाची माती निघाली. कंपनीला तो डोंगर पाहिजे. गावात ज्यांच्या नावावर डोंगराचे तुकडे आहेत त्यांनी द्यायचा की नाही, यावरून भांडणं झाली, दोन घरांचं बोलणं तुटलं, तेव्हा देवीला विचारू म्हणून ठरलं. सुमनची सुपारीची बाग, घरचं पाणी, गुरांचं पाणी, सगळं त्या डोंगराखालच्या एका झऱ्यावर. डोंगर गेला की झरा गेला, हे तिला कळत होतं. तिच्या नवऱ्याला, वासूला, कळत नव्हतं किंवा कळून घ्यायचं नव्हतं. तो देऊया म्हणणाऱ्यांतला. आणि वासू माझ्या तोंडाला भितो, म्हणून मला बोलावणं.

मुंबई-पुण्याच्या लोकांसाठी सांगते, कौल म्हणजे देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतात, काही उजवीकडे, काही डावीकडे. मग गाऱ्हाणं घालतात, म्हणजे उभं राहून खणखणीत आवाजात देवाला विचारतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. विहीर खणायची, लग्न जमवायचं, नवी होडी पाण्यात लोटायची, आमच्याकडे सगळ्याला कौल. हसू नका. तुम्हीसुद्धा पेपरातलं भविष्य वाचताच.

नवरा होडी धुवत होता. त्याला सांगितलं तर म्हणाला, "जा. पण थंय जाऊन रामायण करू नको."

"मी काय करतंय?"

"तू काय करूक नाय तरी होता," म्हणाला. तेव्हा हसले होते.

शनिवारी सकाळी मालवण स्टँडवरून एसटीनं कुडाळमार्गे सावंतवाडी. बायकांना अर्धं तिकीट, पन्नासच्या आत. सावंतवाडीच्या स्टँडसमोर भाजीपाव खाऊन घ्या, पुढे धड काही मिळत नाही. तिथून बांद्यावरून दोडामार्गची गाडी. मार्च-एप्रिलला जात असाल तर खिडकीशी बसा. दोन्ही बाजूंना काजू, पिकलेल्या बोंडांचा आंबूस गोड वास, आणि मध्येच केळीच्या बागा. मला मात्र त्यातलं काही धड दिसलं नाही. माझ्या मागच्या बाकावर दोघेजण बसले होते त्यांचं बोलणं कानावर पडत होतं.

"डंपर घेतलंस काय रे?"

"सांगून ठेवलंय. कौल लागांदे."

"नि देवी नको म्हणाली तर?"

"देवी कित्या नको म्हणात? तिचा देऊळ नवीन बांधून देतले ते. लाद्यो घालून."

दोघं हसले. मी वळून बघितलं. चांगली घरची माणसं वाटत होती. एकाच्या झुपकेदार मिशा, पायाशी पिशवीत फणस. मला वाटलं होतं, असलं बोलणारा कुणी गुंड-मवाली असेल. फणस घेऊन घरी जाणारा माणूस असलं बोलतो याची मला जास्त भीती वाटली.

दोडामार्गला वासू मोटारसायकल घेऊन आला होता. तिथून पुढे एसटी दिवसातून दोनदा, तिचाही भरवसा नाही. रिक्षा मिळते, पण भाडं आधी ठरवा. घाटाचा रस्ता अरुंद आणि एका अंगाला दरी. "घाबरलंस काय, आक्का?" वासू मागे वळून विचारतो. "रस्त्यार बघ मेल्या," म्हटलं.

सुमनचं घर तुम्ही बघायला पाहिजे. शेणानं सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, त्याला लागून सुपारी, सुपारीवर चढवलेली मिरी, खाली केळी. उन्हाळा असूनही आत शिरलं की अंग गार होतं. सुमनचे सासरे, तात्या, खळ्यात बसले होते. कमरेत वाकलेले, पण आवाज अजून ढोलासारखा. गावात देवीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराचा.

"येवा. म्हावरां हाडलास?"

"सुके बांगडे नि सुंगटां."

"सोमवारचो कौल होवंदे मगे खाऊया. तोवर वास घेतंय," म्हणाले आणि खरंच पिशवी नाकाला लावली.

जेवायला काजूच्या ओल्या गरांची उसळ, पेज, फणसाची भाजी. मग सुमन आणि तात्या मला बांधावर घेऊन गेले. घराच्या वर सातेरीची राय, म्हणजे देवीच्या नावानं राखलेलं रान. राय सुरू होते तिथं उजेड संपतो. झाडं इतकी जुनी की वेली माणसाच्या मांडीएवढ्या. आत पाखरंसुद्धा हळू ओरडतात. त्या रायीच्या पोटातून झरा बाहेर येतो आणि बांधाशी अडतो. बांध दगड, चिखल आणि पाल्याचा. दर वर्षी पाऊस संपला की गावातले सगळे मिळून घालतात, पावसाळ्यात तो फुटून जातो, पुन्हा घालतात. तिथून पाटानं पाणी बागांना. ज्याची पाळी त्यानं पाट फोडायचा, ऊन ठरलेल्या दगडावर आलं की बंद करायचा.

मला हे असलं दरसालचं काम बघून वैताग येतो. म्हटलं, "तात्यानू, सिमिटाचो बांध घाला नि सुटा. सगळे दरवर्सां चिखलात कित्या लोळतास?"

तात्या म्हणाले, "सिमिटाचो फुटाचो नाय. वरच्या वाडीन एकदा घातलो की खालच्या वाडीची बोंब. ह्यो फुटता, म्हणान सगळ्यांका परत एकत्र येवचा लागता."

मला आमच्या रापणीची आठवण झाली. माझ्या बापाच्या वेळी किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायचे, आणि ज्यानं दोरीला हात लावला त्याला वाटा. म्हातारी विधवा बाई नुसती दोरी धरून उभी राहिली तरी तिच्या टोपलीत चार मासळ्या पडायच्या. आता लांबून मोठे ट्रॉलर येतात, जाळ्यात पिल्लंसुद्धा ठेवत नाहीत.

"ह्यां पाणी फुडे खंय जाता?" मी विचारलं.

"गोव्याक. थंयच्या खाडयेक," सुमन म्हणाली.

म्हणजे त्या खाडीच्या तोंडावरही माझ्यासारखी कुणीतरी सुंगटं सोलत बसली असणार. तिला या कौलातलं काहीच माहीत नसणार.

रविवारी वासू म्हणाला, "आक्का, चल. खाण काय ता दाखवतंय तुका. सुमनची भीती उगाच आसा. थंयची घरां बघ."

मी मुद्दाम गेले. गोव्याची सीमा ओलांडली की तास-दीड तास. त्या गावाचं नावही सोडून देते. आधी झाडं लाल दिसायला लागली. आंबा लाल, फणस लाल, विजेच्या तारा लाल. मग डंपर. एकामागून एक, एकाच्या पाठीला दुसऱ्याचं तोंड. वासूला गाडी रस्त्याच्या कडेला दाबून दाबून चालवावी लागत होती. माझा गुडघा एका चाकापासून हातभर. ते चाक माझ्या छातीएवढं. मी वासूचा शर्ट इतका घट्ट धरला की बटण तुटलं.

घरं खरंच मोठी होती. दोन मजली, बाल्कनीला स्टीलचे कठडे. पण एकही खिडकी उघडी नाही. भर दुपारी दारं-खिडक्या बंद, काचांवर माती. अंगणात तुळस, तीही लाल.

रस्त्याच्या कडेला बायका कळशा मांडून बसल्या होत्या. टँकरची वाट बघत. मी एकीच्या शेजारी जाऊन बसले. माझ्याच वयाची. म्हटलं, "घरात बावडी नाय?"

"आसा मगो," ती म्हणाली. "पळोवपाक आसा."

बघायला आहे! शेजारची हसली. ती नाही हसली. तिनं विचारलं, "तुगेर पण येता काय खाण?" म्हणजे, तुमच्याकडेपण येते का?

"माझ्या भैणीकडे."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि आपली कळशी जरा बाजूला सरकवली, मला नीट बसायला जागा व्हावी म्हणून. मी मासे विकून पोट भरलेली बाई, लोकांशी भांडायची मला सवय. कुणी शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. ती सरकवलेली कळशी बघून मी उठलेच.

वासूनं मला एका उंचवट्यावर नेऊन खाण दाखवली. डोंगर पायऱ्या पायऱ्यांनी कापलेला. बाजारात मी सुरमईचे तुकडे करते तसा. एवढंच की सुरमई मेलेली असते. तळाला हिरवं पाणी साचलेलं आणि मोठाले पंप ते उपसून बाहेर फेकत होते. सगळ्या गावाच्या विहिरींचं पाणी त्या खड्ड्यात उतरत होतं, आणि तिथून ओढ्याला लाल होऊन जात होतं. हे कळायला चौथीसुद्धा शिकावं लागत नाही.

मी खड्ड्याकडे बघत होते, वासू डंपरांकडे.

"वासू, तुका ह्यां दिसणा नाय?"

"दिसता गो." डंपरांवरची नजर न काढता म्हणाला, "आक्का, माका रोज गोव्याक जावचा लागता कारखान्यात. जातना अंधार, येतना अंधार. पावसात दोनदा घसरून पडलंय. पोरीक कॉलेजात घालूचा आसा. किती वर्सां ह्या मोटारसायकलीर काढू? सुपारी खाऊन पॉट भरता काय?"

मला भांडायचं होतं. तो वाईट माणूस असता तर सोपं होतं.

परत आलो ते दोघंही लाल. कानात माती, दातांत माती. सुमन नि तात्या गुरांकडे गेले होते. मला कधी एकदा अंगावरची ती माती धुते असं झालं होतं. न्हाणीतल्या चुलीवर हंडा होता, पण सरपण ओलं. मी काय करते, तर घरामागे गेले. रायीच्या कडेला सुकलेल्या काटक्यांचा नुसता खच. इतक्या सुक्या, इतक्या सरळ, कुणी उचलतच नाही! मनात म्हटलं, काय आळशी लोक. चार मोठ्या काटक्या उचलल्या, मोडल्या, चुलीत घातल्या. भराभर पेटल्या.

हंडा तापत आला तेव्हा सुमन आली. चुलीकडे बघितलं.

"बाय, ह्यां खंयसून हाडलंस?"

"थंयसून. वरसून."

ती ओरडली नाही. तोंडावर हात ठेवून खाली बसली. मग तात्यांना हाक मारली, ती अशी की गोठ्यातली गाय हंबरली.

मला तिथं कळलं. सातेरीच्या रायीतलं काही घरी आणायचं नाही. पडलेलं झाड तिथंच कुजणार, पान तिथंच माती होणार. कुऱ्हाड तर सोडाच, चपलेला चिकटलेलं पानसुद्धा बाहेर येताना झाडून टाकतात. तिथली लाकडं चुलीत गेली तर घरावर काय येतं याच्या तीन-चार गोष्टी मला लगेच ऐकवण्यात आल्या. त्या मी इथं लिहिणार नाही. लिहिताना हात थांबतो.

"माका कोणी सांगूक कसा नाय?" मी उलटी ओरडले.

"विस्तवात हात घालू नको म्हणान कोण सांगता काय?" तात्या म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक आला होता. चिमट्यानं त्यांनी काटक्या बाहेर काढल्या. दोन पुऱ्या जळल्या होत्या, दोन अर्ध्या. पाणी मारून विझवल्या. राखसुद्धा गोळा केली, सगळं केळीच्या पानात बांधलं, वासूच्या हातात दिलं. वासू अनवाणी रायीत निघाला. मी मागून.

डंपरला खेटून गाडी चालवणारा माणूस! अर्ध्या जळक्या दोन काटक्या धरून त्याच्या कपाळावर घाम.

"वासू, चार काटक्यांका तू येवढो भितंस. नि आख्खो डोंगर देवक तयार?"

"डोंगर वेगळो, आक्का. राय देवीची. डोंगराचो सातबारो आमच्या नावार आसा."

"झरो खंयसून येता?"

"रायीतसून."

"नि रायीत खंयसून येता?"

तो थांबला. झाडांच्या शेंड्यांतून वर डोंगर दिसत होता तिकडे बघितलं. पुडा एका मुळाशी ठेवला, नमस्कार केला आणि मागे न बघता झपाझप चालायला लागला. मीही. पाठीवर कुणीतरी बघतंय असं वाटत होतं. समुद्रात वादळ बघितलंय मी, पण ते समोरून येतं. हे मागून होतं.

सोमवारी देऊळ भरलं होतं. पुरुष आत, बायका बाहेरच्या ओट्यावर. बसमधला तो मिशीवाला पुढेच बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. पाषाणावर पाकळ्या लावायची तयारी झाली. तात्यांनी आता डोंगराचं गाऱ्हाणं घालायचं. ते उठले आणि म्हणाले,

"आमच्या चुलीत रायीचा लाकूड जळला. पयला ता निस्तरूक होया. मगे डोंगर."

एकदम गलका झाला. कोणी, कधी, कशी. सगळ्यांच्या माना माझ्याकडे.

"मालवणची म्हावरेवाली इली नि गावाचा वाटोळा केल्यान!" मागून कोणीतरी म्हणालं. दुसऱ्या वेळी मी त्याची सालटी काढली असती.

मिशीवाला उठला. "तात्यानू, काटकी ती. नारळ ठेवा नि फुडे चला. कंपनीची माणसां दुपारी येतली."

"मगे तू घाल गाऱ्हाणा," तात्या म्हणाले. "रायीचा देणा डोक्यार आसताना देवीक दुसरा काय इचारूचा धाडस आसा तुका? ये. हयसर उभो रव."

मिशीवाला उभा होता तिथंच राहिला. एक पाऊल पुढे नाही. बाकी कुणीही नाही. सगळे एकमेकांकडे बघत होते. कंपनीला न भिणारी ती माणसं, माझ्या चार काटक्यांना भ्याली.

मला नारळ घेऊन पुढे उभं केलं. पाषाणावर पाकळ्या लागल्या. तात्यांचा आवाज देवळाच्या कौलांना भिडला.

"गे आई सातेरी म्हाराजा, ह्या लेकरान अजाणता तुझ्या रायीतला सरपण हाडला..."

"व्हय म्हाराजा!"

"ता चुलीत घातला..."

"व्हय म्हाराजा!"

"ता पदरात घे, नि उजवो कौल दी म्हाराजा!"

मी पाकळ्यांकडे बघत होते. लाल, ओल्या, चिकटलेल्या. पडेनात. पुन्हा गाऱ्हाणं झालं. डावीकडची एक जराशी सुटल्यासारखी वाटली, पण ती तशीच लटकत राहिली. दारातून आलेलं ऊन माझ्या पायावरून सरकून भिंतीवर गेलं. ना डावी, ना उजवी. नारळ धरून माझे हात बधिर झाले. कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

शेवटी तात्या म्हणाले, "देवी बोलणा नाय."

इतकं वाईट मला कुणाच्या मरणाचं ऐकूनही वाटलं नव्हतं. नाही म्हणाली असती तर दंड भरला असता, कोंबडा दिला असता. बोलतच नाही म्हटल्यावर काय करायचं?

तात्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. परत विचारायचं. पण ज्या बाईनं सरपण आणलं तिनंच येऊन देवीपुढे उभं राहायचं, तिच्या बदली दुसरं कोणी चालत नाही. आणि तोवर देवीला दुसरं काही विचारायचं नाही. डोंगराचंसुद्धा नाही. आणि देवीला विचारल्याशिवाय कुणी सही करायची नाही, हे आधीच ठरलेलं.

मिशीवाला पायात चपला घालून निघून गेला.

मंगळवारी सकाळची एसटी धरायची होती. दुपारच्या गाडीची वाट बघू नका, ती येत नाही. सुमन मला बांधापर्यंत सोडायला आली. झऱ्याचं पाणी उन्हाळ्यानं बारीक झालं होतं, पण चालू होतं. तिनं माझ्या पिशवीत कोकमं नि काजू भरले.

"परत कधी येतलंस, बाय?"

"तू बोलवतलंस तेव्हा."

ती पाण्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी बोलवचंय नाय."

मी आले नाही तर विचारणं नाही. विचारणं नाही तर डोंगर जाग्यावर. मी माफी मागेपर्यंत झरा वाहणार. आणि मागायला गेले, उजवी पडली, की लगेच पुढचं गाऱ्हाणं डोंगराचं. आम्ही दोघी यावर एक शब्द बोललो नाही. तात्या खळ्यातून हात हलवत होते. देवळात ते जे बोलले ते भीतीनं की ठरवून, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांचे पाय मात्र मी बघितले होते, गाऱ्हाणं घालताना लटपटत होते.

परतीच्या गाडीत मला सगळा रस्ता एकच दिसत होतं. राय उरली, कारण तिला लोक भितात. डोंगर उरेल की नाही ठाऊक नाही, कारण त्याला सातबारा आहे, भीती नाही. आणि समुद्राला तर दोन्ही नाही. पूर्वी नारळी पुनवेच्या आधी होडी लोटायची कुणाची छाती नव्हती. आता कोण थांबतो?

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो जाळं शिवत होता. त्यानं हातातला टाका पुरा केला. मग म्हणाला, "म्हणजे तू माफी मागूक जावचंस नाय."

"नाय."

"देवीचो राग आमच्या घरार रवतलो."

"रवतलो."

"रवांदे. दर्याक भितंयच मी. आणखी एकीक भिईन." आणि हसला. पण दुसऱ्या दिवशी होडी लोटण्याआधी त्यानं पाण्याला दोनदा हात लावला. एरवी एकदा लावतो.

याला आता महिना होऊन गेला. सुमनच्या गाईची पाडी आजारी पडली होती. चारा सोडला होता. सुमननं फोन केला, मी म्हटलं, "येऊ काय गो?" ती रडत होती, तरी म्हणाली, "येव नको." पाडी वाचली. पण ते चार दिवस मला अन्न गेलं नाही.

तुम्हाला तिकडे जायचं असेल तर दोडामार्गला उतरा, कुठल्याही गावात जा, राय सापडेल. पाऊस लागण्याआधी जा. पाणी प्या, डोळे भरून बघा, आणि बाहेर येताना चपला झाडा. काही उचलू नका. मी उचललं. त्याचं काय ते मला भरावं लागेल, आज ना उद्या.

काल होडी उशिरा आली. वारा फिरला होता, बाकीच्या सगळ्या लागल्या, आमची दिसेना. मी दारात उभी. नवस अगदी जिभेवर आला होता, आई सातेरी, त्याला आण, नारळ घेऊन येते. ओठ दातांखाली दाबून धरले. बोलले असते तर फेडावा लागला असता. खाडीच्या तोंडावर काळा ठिपका दिसला तेव्हा तोंडात रक्ताची चव होती.

तेवढ्यात फोन वाजला. वासूचा. बांधावरूनच करतो तोही, दुसरीकडे रेंज कुठे आहे.

"आक्का, येक नारळ तेवढो. येऊन उभी रव, बस. कंपनीवाले परत येऊन गेले. किती दिवस असां लटकत ठेवतलंस? आयकतंस काय?"

होडी जवळ येत होती. वासू बोलत होता आणि मी त्याच्या मागचं पाणी ऐकत होते.